आई म्हणजे तिथे

आमच्या लॅबमध्ये तिला सगळे मावशी म्हणतात. मीसुद्धा म्हणते, आणि मी तिच्याहून चांगली पंधरा वर्षांनी मोठी आहे. हे नाव तिला भाच्यांमुळे चिकटलं. शाळा सुटली की दोन्ही पोरं थेट आमच्याकडे यायची, दारातूनच 'मावशी, मावशी' असा गलका करायची, आणि ऐकून ऐकून पॉलिशच्या मशीनवरचा आमचा म्हातारासुद्धा तिला मावशी म्हणायला लागला. त्याची साठी कधीच उलटून गेलीय.

लॅब म्हणजे काही मोठं प्रकरण नव्हे. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन पाठवतात, आम्ही त्यात प्लास्टर ओतून जबडा काढतो, मेणात दात लावतो आणि कवळी करून परत पाठवतो. ती ज्याच्या तोंडात जाते तो माणूस आम्हाला कधी दिसत नाही. मावशीचं टेबल खिडकीशी, माझं तिच्या शेजारी. कवळ्या करण्यात तिचा हात धरणारं आमच्याकडे कुणी नाही. पण हे मी तिच्या तोंडावर कधी म्हणत नाही, कारण म्हटलं की ती लगेच आपल्याच कामातली चूक शोधायला बसते. तशीच आहे ती. कुठे काही बिघडलं की पहिला संशय स्वतःवर. मला याचा भारी राग येतो.

पोरं तिच्या थोरल्या बहिणीची. मुलगा आठ वर्षांचा, जगाच्या चुका काढत फिरतो, म्हणून मी त्याला मास्तर म्हणते. मुलगी धाकटी, नुकतंच सहावं लागलेलं, गोल, चालते तीही घरंगळल्यासारखी, म्हणून गोटी. त्यांचे वडील लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर परदेशात असतात, जिथे सगळा कारभार स्पॅनिशमध्ये चालतो. घरात त्या देशाचं नाव कुणी घेत नसे. 'तिकडे' म्हणायचे. बाबा तिकडे आहेत, तिकडे आता सकाळ झाली असेल, तिकडे थंडी फार.

मागच्या वर्षी बहीण अंथरुणाला खिळली तेव्हा मावशी आपली भाड्याची खोली सोडून तिच्या घरी राहायला गेली. बहीण त्यातून उठली नाही. मास्तर हॉस्पिटलमध्ये होता, त्याला सगळं कळलं. गोटीला मात्र सांगितलं, आई लांब गेली. हे पहिल्यांदा कोण म्हणालं ते आता कुणालाच आठवत नाही. एकाच्या तोंडून निघालं आणि बाकीच्यांनी तेच पुढे रेटलं. त्या गडबडीत कुणाला काय सुचणार, असं लोक म्हणतात. मी म्हणते, सुचायला हवं होतं. एवढ्याशा पोरीला लांब म्हणजे काय ठाऊक? तिचे बाबाही लांबच असायचे, आणि ते तर अधूनमधून येत, येताना खेळणी आणत.

तेव्हापासून गोटी बोलेनाशी झाली. अगदी मुकी नाही, 'हो', 'नको', 'शू' एवढं चालायचं. लॅबमध्ये आली की मावशीच्या टेबलाखाली बसायची. तिथे आम्ही टाकून दिलेल्या जबड्यांचं खोकं होतं. एकेक जबडा काढून ती समोरासमोर मांडायची. दुसरं पोर असतं तर त्यांना बोलायला लावलं असतं. हिचे जबडेही गप्प.

आणि अशात वडिलांचा फोन आला की यंदाची शाळा संपली की पोरांना तिकडेच घेऊन जातो. तिथे शाळा स्पॅनिशमधली, तेव्हा तोवर घरच्या घरी थोडी भाषा त्यांच्या कानावर पडू दे. लहान मुलांसाठी एक अ‍ॅप आहे, ते फोनवर घे आणि रोज संध्याकाळी करून घे.

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, 'म्हणजे पोरं तुझ्याकडून न्यायची, आणि न्यायची तयारीही तूच करून द्यायची?'

'ताई, बाप आहे तो,' मावशी म्हणाली. 'त्यालाही त्यांच्याशिवाय कोण आहे?'

ती हे म्हणाली आणि हातातला दात उलटा लावला.

अ‍ॅपमध्ये बदकाचं एक पिवळं पिल्लू होतं. ते चित्र दाखवायचं, शब्द बोलायचं, आणि मुलांनी तो तसाच म्हणायचा. बरोबर आला की टाळ्या. चुकला की ते पंख खाली पाडून म्हणायचं, 'ओत्रा वेस', म्हणजे पुन्हा एकदा. भाषांतर कुठेच नाही. नुसती चित्रं आणि आवाज. मुलं पहिली भाषा जशी घरात ऐकून उचलतात तशीच ही उचलतील, अशी त्याची जाहिरात होती. एखाद्या दिवशी अभ्यास बुडला की ते पिल्लू फोनवर रडताना दिसायचं. मला त्याच्या मुस्काटात द्यावीशी वाटायची.

मावशीने मात्र ते काम कवळीसारखंच अंगावर घेतलं. स्वतःला ओ की ठो कळत नव्हतं, तरी जेवणाआधी फोन साखरेच्या डब्याला टेकवून दोघांना पुढ्यात घेऊन बसायची. मी खालच्या मजल्यावर राहते, त्यामुळे माझंही संध्याकाळचं येणंजाणं असायचं. मास्तर एकदा ऐकलं की लक्षात ठेवायचा आणि लगेच दुसऱ्यांना शिकवायला घ्यायचा. त्याच्या सांगण्यावरून मावशीने चिठ्ठ्या लिहिल्या आणि लॅबमधलं मेण लावून घरभर चिकटवल्या. टेबलावर 'मेसा', खुर्चीवर 'सिया', पलंगावर 'कामा'. त्या दिवसापासून 'मावशी कामावर गेलीय' म्हटलं की मास्तर खिदळायचा, 'म्हणजे झोपलीय!' लॅबमध्ये ही गोष्ट कळल्यावर म्हाताऱ्याला फारच आवडली. तो रोज सकाळी विचारायचा, 'आलीस का कामावर?'

गोटीचं गाडं अडलं ते दातांवर. तिचे पुढचे वरचे दोन दात नुकतेच पडले होते. 'स' म्हणायला गेली की हवा फटीतून निसटायची आणि 'थ' व्हायचा. पिल्लाला ते चालायचं नाही. ओत्रा वेस, ओत्रा वेस. मावशीने घरी एक प्लास्टरचा जबडा आणला, त्याच्या आत बोट फिरवून दाखवलं की जीभ इथे टेकव, अशी जरा मागे घे, मग सोड. फोन नाहीच बधला. मावशी हताश होऊन मला म्हणाली, 'साऱ्या गावाला दात लावते मी, आणि घरच्या पोरीला म्हणतेय, थांब, येतील.'

तरी गोटी बसायची. ऐकायची. एकदा मास्तरने जाहीर केलं, 'यो म्हणजे मी. आणि तू म्हणजे काय, सांगा? तू म्हणजे तूच!' मावशीला याचं एवढं अप्रूप वाटलं की तिने दोनदोनदा विचारून खात्री करून घेतली. एक शब्द तरी घरचाच निघाला. गोटीने पहिल्यांदाच मावशीच्या छातीवर बोट टेकवलं आणि म्हणाली, 'तू.' पिल्लाने टाळ्या वाजवल्या. त्या शब्दात 'स' नव्हता.

मग जागांचा धडा आला. चित्रात एक तळं. अलीकडच्या काठावर पिल्लू, पलीकडे गवतात मोठं बदक. पिल्लू विचारतं, 'दोंदे एस्ता मामा?' म्हणजे आई कुठे आहे. तिकडे आईला मामा म्हणतात हे मास्तरने आधीच सांगून ठेवलं होतं, आणि मग मामाला काय म्हणत असतील यावर मी आणि मावशी पोट धरून हसलो होतो. एक बाण तळ्यावरून पलीकडे गेला, मोठ्या बदकापाशी थांबला, आणि आवाज आला, 'एस्ता आई.'

मास्तरने लगेच वर्ग घेतला. 'एस्ता म्हणजे आहे. मी असलो तर एस्तोय, तू असलीस तर एस्तास. आकी म्हणजे इथे. आई म्हणजे तिथे. म्हणा.'

'आई म्हणजे तिथे,' मावशी म्हणाली.

गोटीने पडद्याकडे बघितलं, मग भावाकडे. 'आई तिथे?'

'बरोबर,' मास्तर म्हणाला. 'हुशार आहेस.'

मावशीने फोन जरा सरळ केला. मग मला हळूच म्हणाली, 'काय योगायोग आहे ना ताई, एवढासा शब्द.' तिला बहीण आठवली होती, एवढंच माझ्या ध्यानात आलं. तिच्याही एवढंच आलं.

त्यानंतर गोटी बदलली. स्वतःहून फोन मागायला लागली. ताटातलं संपवायला लागली. जिना उतरताना आमच्या मजल्यावर थांबून मला सांगायची, 'मी तिकडे जाणार आहे.' आमच्या लॅबमधल्या खोक्यातले जबडे आता एकमेकांशी बोलायला लागले, तेही स्पॅनिशमध्ये. मावशी टेबलावरून वाकून ऐकायची आणि डोळे पुसायची. 'त्या अ‍ॅपवाल्यांचं भलं होवो,' म्हणायची. मी त्या पिल्लाबद्दल वाईट बोलणं सोडून दिलं.

एका सुट्टीच्या दिवशी वडिलांनी फोनवरून तिकडचं घर दाखवलं. मुलांची खोली, दोन पलंग, खिडकी. गोटीसाठी त्यांनी सायकल घेतली होती, आणि ती कुठे ठेवलीय ते नंतर दाखवतो म्हणाले होते. फोन फिरता फिरता एका बंद दाराशी आला. गोटी पडद्याला नाक लावून बसली होती. तिने विचारलं, 'एथ्ता आई?'

वडिलांना कोण आनंद झाला. पोरगी त्यांच्याशी स्पॅनिशमध्ये बोलली होती. 'सी, सी!' म्हणजे हो, हो, असं ते ओरडले. 'एस्ता आई!'

गोटीने मागे वळून मावशीकडे जे बघितलं ते मी विसरणार नाही. एखादं गुपित आपल्या दोघींत ठेवूया, असं ते बघणं होतं.

जायचे दिवस जवळ आले. मावशीने बॅगा काढल्या, मीही मदतीला गेले. मी स्वेटर घडी करत होते, मावशी मोजे जुळवत होती, आणि गोटीने कपाटाच्या खालच्या खणातून एक चष्म्याचं घर आणून आपल्या बॅगेत ठेवलं.

मावशीने ते उघडलं. आत तिच्या बहिणीचा चष्मा. एका काडीला बारीक तार गुंडाळलेली, ती मावशीनेच लॅबमध्ये बसून गुंडाळून दिली होती.

'हा कशाला, राणी?'

'आईला,' गोटी म्हणाली. 'ती इथेच विसरून गेली. तिला त्याच्याशिवाय दिसत नाही ना.'

मावशी तिच्यासमोर खाली बसली. 'गोटी, आई कुठे आहे?'

'तिकडे. दाराच्या आत. मी बाबांना विचारलं ना, एथ्ता आई? ते म्हणाले, सी.'

पलंगावर पुस्तक वाचत पडलेला मास्तर उठून बसला. 'अगं वेडे, ते आपल्या आईचं नाहीये! आई म्हणजे तिथे!'

'तेच तर म्हणतेय,' गोटी म्हणाली. 'आई तिथे.'

बिचारा मास्तर, दुसऱ्याची चूक सापडली की ज्याला स्वर्ग दोन बोटं उरायचा, तो माझ्याकडे बघायला लागला की आता तुम्ही काहीतरी करा. मी त्याला खाली माझ्या घरी घेऊन गेले. जिन्यात तो म्हणाला, 'मीच तिला बरोबर म्हणालो होतो.' मी म्हटलं, 'तू शब्द बरोबर शिकवलास, बाळा.' दुसरं काय म्हणणार?

मावशीने भावोजींना फोन केला. ते म्हणाले, 'आत्ता काही सांगू नकोस. एवढी खुशीत आहे, सुखाने प्रवास होऊ दे. इथे आली की मी सांगेन, हळूहळू.'

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये मावशीने मला हे सांगितलं. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. हळूहळू म्हणजे कसं? आधी अर्धी आई मेली म्हणायचं का? म्हटलं, 'पोरगी विमानातून उतरेल आणि घरातलं एकेक दार उघडून बघेल. तू आत्ता सांग.'

'मला सांगायचंय,' ती म्हणाली. मेण वितळवायचा दिवाही तिने अजून पेटवला नव्हता. 'पण ताई, सांगितलं तर ती म्हणेल, मी जातच नाही. आणि मला नेमकं तेच हवंय. रोज रात्री तिच्या अंगावर पांघरूण घालताना मला वाटतं, काहीतरी होऊ दे आणि ही इथेच राहू दे. मग आता मी तिला खरं सांगणार ते तिच्यासाठी, की माझ्यासाठी? माझा मलाच भरवसा वाटत नाही.'

मी तिचा दिवा पेटवून दिला. एरवी माझी जीभ कुणाला आवरत नाही. पण तिने विचारलं ते खरं होतं. त्या दिवशी तिने केलेली कवळी आमच्या मालकांनी परत टाकली. तिच्या हातून असं कधी झालं नव्हतं.

तिने सांगितलं ते रविवारी. लॅबला सुट्टी होती, पण माझं थोडं काम राहिलं होतं. मावशी गोटीला घेऊन आली आणि तिला टेबलाखाली जाऊ न देता आपल्या स्टुलावर बसवलं. मी उठायला लागले तर मला म्हणाली, 'बसा ताई.' मला वाटतं तिला साक्षीला कुणीतरी हवं होतं, स्वतःवर लक्ष ठेवायला.

'गोटी, आई तिकडे नाहीये.'

'आहे. बाबा म्हणाले.'

'बाबांना वाटलं तू सायकल विचारतेयस. ऐक माझं. आई लांब गेली असं आम्ही तुला सांगितलं ते खोटं होतं. आई खूप आजारी होती. ती मेली.'

हा शब्द त्या घरात तोवर कुणी उच्चारलाच नव्हता. गेली, सोडून गेली, आता नाही, असे मऊ मऊ शब्द आम्ही वापरत होतो आणि स्वतःला शहाणे समजत होतो.

'मेली म्हणजे?'

'म्हणजे तिचं शरीर बंद पडलं. आता ती कुठेच नाही. ती परत येणार नाही, आणि आपण कुठेही गेलो तरी ती भेटणार नाही.'

गोटीने बराच विचार केला. मग तिने टेबलाकडे बोट केलं. 'आकी नाही?'

'नाही.'

तिने खिडकीबाहेर बोट केलं. 'आई पण नाही?'

तिने ते कुठल्या भाषेत विचारलं, मला कळलं नाही. मावशीलाही कळलं नसणार. पण दोन्हीकडे उत्तर एकच होतं.

'नाही,' मावशी म्हणाली.

गोटीने तिचा हात दोन्ही हातांत धरला. मला वाटलं आता रडेल, रडू दे एकदाची. तर ती मनगटाला कडकडून चावली. मावशीने हात ओढून घेतला नाही. गोटीने सोडलं तेव्हा मनगटावर दातांची ओळ उमटली होती, वरच्या बाजूला मधे दोन दातांची जागा रिकामी.

'तू खोटारडी आहेस,' गोटी म्हणाली.

'हो,' मावशी म्हणाली.

'मी तिकडे जाणार नाही. तुझ्याकडे पण राहणार नाही. तुझ्याकडे तर मुळीच नाही.' आणि ती टेबलाखाली जाऊन बसली. खोक्यातले जबडे पुन्हा गप्प झाले.

म्हणजे काय झालं बघा. जी गोष्ट आपल्या पदरात पडेल म्हणून मावशी स्वतःवर संशय घेत होती, तीच तिच्या हातून गेली. वडील न्यायला आले तोवर गोटी तिच्याशी एक शब्द बोलली नाही. जेवण मास्तरच्या हातून घ्यायची, वेणी माझ्याकडून घालून घ्यायची. मावशी खोलीत आली की भिंतीकडे तोंड करायची.

वडील आल्या आल्या भडकले. 'मी सांगणार होतो ना? एवढं थांबता आलं नाही तुला? तू हे मुद्दाम केलंस. पोरीला माझ्यापासून तोडायला.'

मावशी मान खाली घालून उभी. मनातून तिला ते थोडं पटतही असणार, ही तिची खोड. मला मात्र राहवलं नाही. म्हटलं, 'सी, सी, एस्ता आई, हे कोण म्हणालं होतं ते जरा आठवा.'

ते पलंगावर बसले, त्या 'कामा'च्या चिठ्ठीशेजारी. दोन्ही हातांत तोंड धरून इतका वेळ बसून राहिले की मीच ओशाळले. त्यांचीही बायको गेली होती. गोटीचं आणि मावशीचं करता करता हे आम्ही साफ विसरलो होतो. मावशीने त्यांना पाणी आणून दिलं.

निघायच्या सकाळी मावशी दोन्ही बॅगा घेऊन खाली आली. मास्तरने तिच्या कमरेला मिठी मारली आणि सोडेचना. गोटी आधीच टॅक्सीत जाऊन पलीकडच्या खिडकीशी बसली होती. मावशी त्या बाजूला गेली, काचेवर हात ठेवला. गोटीने समोरच्या सीटकडे बघणं सोडलं नाही. टॅक्सी गेल्यावर मावशी मला म्हणाली, 'चष्मा तिने बॅगेतून काढला नाही. मी बघितलं.' एवढ्यावरच ती समाधान मानून घेत होती, आणि मला रडू आवरेना.

मग घर रिकामं झालं. चिठ्ठ्या तिने काढल्या नाहीत. जेवणाच्या सुट्टीत लॅबमध्ये बसून ती गोटीचंच अ‍ॅप उघडायची, कानाला वायर लावायची आणि त्या पिल्लामागून पुटपुटायची. मी विचारलं, आता कुणासाठी? तर म्हणाली, 'ती उद्या तीच भाषा बोलायला लागेल, ताई. मला कळायला नको?' मास्तरचा फोन यायचा. तो शाळेतल्या शिक्षकांच्या चुका सांगायचा. मावशी सगळं ऐकून शेवटी विचारायची, 'गोटी आहे का?' मागून आवाज यायचे, पावलांचे, सायकलच्या घंटीचे. मास्तर इकडेतिकडे बघायचा आणि म्हणायचा, 'ती खेळतेय.' त्याला खोटं बोलता येत नाही, कान लाल होतात. मावशी म्हणायची, 'खेळू दे, खेळू दे.' आणि फोन ठेवल्यावर मनगट चोळत बसायची. वण कधीच गेला होता.

असे बरेच आठवडे गेले. तिच्या कामाचं मी सांगत नाही, ते तिने पुन्हा सुधारलं होतं. पण ती वाळली होती, आणि हसायची ती आम्हाला बरं वाटावं म्हणून.

परवा जेवणाच्या सुट्टीत फोन वाजला. आम्ही डबे आवरत होतो, म्हातारा मशीनवर गेला होता. मावशीने हात पुसून फोन मेणाच्या डब्याला टेकवला. पडद्यावर मास्तर नव्हता. गोटी होती, एकटी, फोन दोन्ही हातांत धरून. तोंड जरा उतरलेलं, केस कुणीतरी बरे कापलेले, आणि वरचे दोन नवे दात अर्धे बाहेर आलेले, मोठे, कडेला करवतीसारखे.

मावशीच्या तोंडून शब्द फुटेना. मी मागून ढोसलं, तरी नाही.

शेवटी गोटीने एक हात सोडवला आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

'यो एस्तोय आकी.'

'स' अगदी स्वच्छ. मग ते बोट पुढे आलं, पडद्यावर टेकलं, आमच्याकडे ते एवढं मोठं दिसायला लागलं.

'तू एस्तास आई.'

मी इथे आहे, तू तिथे आहेस. तळ्याच्या धड्यातलंच वाक्य, कुठल्याही पोराला येईल असं. तिकडे तिच्या पाठीमागून मास्तरचा आवाज आला, 'बरोबर.'

मावशी स्टुलावर बसली. तिने तोंड फोनच्या अगदी जवळ नेलं. मशीन घरघरत होतं, त्यामुळे मला वाटलं तिला ऐकूच आलं नाही.

'ओत्रा वेस,' ती म्हणाली.

म्हाताऱ्याने मशीन बंद केलं, आणि गोटीने पुन्हा म्हटलं.